स्मिथ्स, द

(१९८२–८७). ब्रिटिश ‘इंडी पॉप’ संगीतातील एक प्रमुख वृंद. बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांपासून स्वतंत्र असलेल्या लहान संस्थांवरून ‘इंडी’ ही संज्ञा रूढ झाली व पुढे ती त्यांनी प्रसृत केलेल्या संगीतासही लावली जाऊ लागली.

गीतकार-गायक मॉरिसी (१९५९– ) आणि गिटारवादक-संगीतरचनाकार जॉनी मार (१९६३– ) यांनी मँचेस्टर येथे १९८२ मध्ये हा वृंद स्थापन केला. अँडी रोर्क (१९६४–२०२३) हा बेस गिटार, तर माइक जॉइस (१९६३– ) हा ड्रम वाजवीत असे. लंडनमधील ‘रफ ट्रेड’ या स्वतंत्र संस्थेने १९८३ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. तत्कालीन पॉप संगीतावर सिंथेसायझरचा पगडा असताना मारने गिटारच्या अनेक स्वरावलींची गुंफण केली. औद्योगिक शहरातील एकाकी तारुण्य व बोचरा विनोद ही मॉरिसीच्या गीतांची वैशिष्ट्ये होत. त्यांच्या चार मुख्य संग्रहांपैकी ‘मीट इज मर्डर’ (१९८५) ब्रिटनमध्ये विक्रीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला, तर उरलेले तीन दुसऱ्या. सुट्या ध्वनिमुद्रिका मात्र वृंदाच्या हयातीत दहाव्या क्रमांकापलीकडे गेल्या नाहीत.

वृंदाच्या उदयास पोषक ठरलेली अनौपचारिकताच त्याच्या ऱ्हासासही कारणीभूत झाली. वृंदास स्थायी व्यवस्थापक नव्हता. परिणामी व्यवहाराचा बराच भार मारवर पडे. ‘रफ ट्रेड’शी उद्‌भवलेल्या वादामुळे ‘द क्वीन इज डेड’ (१९८६) हा संग्रह लांबणीवर पडला. पुढे ई. एम. आय. या बड्या कंपनीशी करार झाला. परंतु तिच्यासाठी एकही नवे ध्वनिमुद्रण होण्यापूर्वीच, १९८७ च्या उन्हाळ्यात, मार बाहेर पडला व वृंद विसर्जित झाला. अखेरचा संग्रह त्यानंतर प्रसिद्ध झाला.

ध्वनिमुद्रण व कार्यक्रम यांच्या उत्पन्नातून मॉरिसी व मार प्रत्येकी ४० टक्के घेत, तर इतर दोघांना प्रत्येकी १० टक्के मिळत. याविषयी लेखी करार नव्हता. रोर्कने ठोक रक्कम व १० टक्के वाटा स्वीकारून तडजोड केली. जॉइसने मात्र न्यायालयात दाद मागितली. अन्यथा ठरले नसल्यास भागीदारांचा वाटा समान असतो, या १८९० च्या भागीदारी अधिनियमातील तत्त्वानुसार १९९६ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला २५ टक्के वाटा मंजूर केला. मॉरिसीचे अपील १९९८ मध्ये फेटाळले गेले. गीत व संगीतरचना यांचे स्वामित्वधन या वादात नव्हते. सामूहिक कलाकृतीत वादकांचा वाटा कोणता, या प्रश्नाच्या दृष्टीने हा निवाडा महत्त्वाचा आहे.