हरणाने धरलेलं हरीण

रेहेकुरीला कधी गेलात तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. कर्जत तालुक्यातलं हे काळविटांचं अभयारण्य तसं छोटंसंच, २ चौरस किलोमीटरच्या आसपास. बराचसा उघडा माळ. तुम्हाला काळवीट दिसायच्या आत त्याला तुम्ही दिसलेले असता! मग साहजिकच प्रश्न पडतो, बंदुका नव्हत्या तेव्हा लोक याला धरायचे तरी कसे?

जंगलातलं काम त्यामानाने सोपं. चितळ-सांबरांना पाणी लागतं, मीठ लागतं, उन्हाळ्यात मोहाची फुलं आवडतात. पाणवठ्यावर नाहीतर खारट मातीपाशी मचाण बांधायचं आणि गप्प बसायचं. आमिष निसर्गानेच मांडून ठेवलेलं. माळावर मचाणाला धड झाड नाही आणि गवत तर चहूकडे. तिथे मूठभर चारा टाकून कोण येणार?

(हो, काळवीट शास्त्रानुसार हरीण नव्हे, कुरंग. त्याची शिंगं झडत नाहीत. पण बोलताना आपण सगळ्यांना हरीणच म्हणतो, तेव्हा चालवून घ्या.)

तर माळावर खाण्याचं आमिष चालत नाही. भांडणाचं मात्र चालतं! माजावरचा नर आपल्या हद्दीत दुसरा नर खपवून घेत नाही. अबुल फझलने 'ऐन-ए-अकबरी'त याचा उपयोग कसा करत ते लिहून ठेवलंय. पाळीव नराच्या शिंगांना जाळी बांधून त्याला रानातल्या कळपाकडे सोडायचं. रानटी नर चवताळून अंगावर येतो, शिंगाला शिंग भिडतं आणि त्याचं शिंग, पाय नाहीतर कान जाळीत अडकतो. की लपलेली माणसं धावत येऊन त्याला जिवंत पकडतात. जाळी तुटलीच, तर पाळीव हरीण आपणहून मालकाकडे परत येतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले हॅकर पकडायला 'हनीपॉट' लावतो ना, तसंच काहीसं. फरक इतकाच की इथला हनीपॉट परत येऊन चारा मागतो :-)

जहांगीरचं असंच एक लाडकं हरीण होतं, मनसराज. पाळीव हरणांशी झुंजण्यात आणि रानटी हरणं धरण्यात त्याचा हात धरणारं दुसरं नव्हतं, असं खुद्द बादशहा आत्मचरित्रात सांगतो. ते मेलं तेव्हा त्याच्या कबरीवर हरणाच्या आकाराचा दगड बसवला आणि १६०६-०७ च्या सुमारास तिथे मनोरा उभारला. लाहोरजवळच्या शेखुपुऱ्यातला तो हिरण मिनार आजही उभा आहे. त्या हद्दीत कुणीही हरीण मारू नये, हिंदूंना गोमांस आणि मुसलमानांना डुकराचं मांस जसं वर्ज्य तसंच हे समजावं, असा हुकूमही निघाला. ज्या जनावराने आपल्याच जातभाईंना आयुष्यभर पकडून दिलं, त्याच्यासाठी ही अभयाची हद्द! माया खरी असणार, त्याबद्दल शंका नाही. पण गंमत वाटतेच.

माळावरची दुसरी युक्ती चित्त्याची. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता बैलगाडीत बसवून न्यायचे. काळवीट माणसाला बुजतं, पण रोज दिसणाऱ्या बैलगाडीला फारसं नाही. म्हणजे आमिष नाही, नुसता आडोसा. कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकातही हे चालू होतं; आपले चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतून मागवले गेले.

आणि हाच आडोसा गरिबाघरीही होता. विदर्भातले फासेपारधी शिकवलेल्या गाईच्या आडून चालत सावजाच्या जवळ जात, वाटेवर फासे मांडून ठेवत. गाय थांबली की हा थांबणार, चरायला लागली की हा बसणार. तेच डोकं, तोच माळ. इंग्रजांनी मात्र गुन्हेगार जमातींच्या कायद्यात पारध्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का काही गेला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने काळवीट वाचवलं, ते हवंच होतं. पण त्याने पारध्याची शिकार गेली, आणि बदल्यात कसायला जमीन फार थोड्यांना मिळाली. चित्ते पाळणाऱ्या राजांच्या शिकारीचे फोटो अजून राजवाड्यांच्या भिंतींवर आहेत. आपण तिकीट काढून बघतो ते.