गाडी बंद केली तरी बोनेटखालून आवाज? टर्बो गाडीत असं का होतं, कोणता आवाज चालतो आणि कोणता धोक्याचा

मालाने भरलेली पिकअप बाजार समितीत येऊन लागते. ड्रायव्हर चावी काढतो, इंजिन थांबतं, तरी बोनेटखालून कुठे 'सुंऽऽ' तर कुठे 'टिक-टिक' ऐकू येतं. नवीन गाडी घेतलेले अनेक जण यामुळे घाबरून थेट गॅरेज गाठतात. यातले बरेचसे आवाज साधे असतात. काही मात्र खरंच धोक्याचे असतात.

टर्बो म्हणजे नेमकं काय?

सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. जास्त हवा मिळाली की जास्त डिझेल जळतं आणि लहान इंजिनही जड माल ओढतं. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड बुची यांनी 1905 मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. आज पिकअप, ट्रक, कार आणि अनेक मोठ्या ट्रॅक्टरलाही टर्बो असतो.

लोडवर हा दांडा मिनिटाला एक लाखापेक्षा जास्त फेरे घेतो. धुराकडची बाजू शेकडो अंश तापते. एवढ्या वेगात तो दांडा ऑईलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ते ऑईल इंजिनाच्या पंपाकडून येतं. इंजिन बंद झालं की पंपही बंद.

हे आवाज आले तर घाबरू नका

- बारीक शिट्टीसारखा 'सुंऽऽ': टर्बोचा दांडा इंजिनाला जोडलेला नसतो. त्यामुळे इंजिन थांबल्यावरही तो काही सेकंद फिरत राहतो आणि मग थांबतो.
- टिक-टिक: तापलेला टर्बो, सायलेन्सरचा पाईप आणि पत्रे थंड होताना आकसतात. प्रत्येक धातू वेगवेगळ्या गतीने आकसतो, म्हणून हा आवाज.
- फॅनची घरघर: रेडिएटरचा इलेक्ट्रिक फॅन असेल तर तो काही मिनिटं चालू राहू शकतो. बेल्टवरचा फॅन इंजिनाबरोबरच थांबतो.
- हलकी गुणगुण: बऱ्याच टर्बो पेट्रोल कारमध्ये टर्बोला थंड ठेवण्यासाठी कूलंटचा छोटा इलेक्ट्रिक पंप असतो. तो गाडी बंद झाल्यावरही थोडा वेळ चालतो.
- बीएस-6 डिझेल गाडीत जोराचा फॅन आणि जळका वास: सायलेन्सरमधल्या फिल्टरमधली काजळी जाळण्याचं काम चालू असताना गाडी बंद केली तर असं होतं. एखाद्या वेळी चालेल, पण दरवेळी हे काम अर्धवट तोडलं तर फिल्टर चोक होतो.

हे आवाज आले तर मिस्त्रीला दाखवा

- टर्बो थांबताना धातू घासल्यासारखा खरखर आवाज.
- गाडी चालू असताना सायरनसारखी वाढत जाणारी शिट्टी. सोबत निळा धूर किंवा ऑईल कमी होणं.
- गाडी बंद केल्यावर दरवेळी पाणी उकळल्यासारखी गुडगुड. कूलंट कमी आहे किंवा त्यात हवा शिरली आहे का ते बघून घ्या. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका, वाफ आणि उकळतं पाणी अंगावर येतं.

चावी काढली तरी इंजिनच चालू राहिलं तर?

हे क्वचित होतं, पण सगळ्यात धोक्याचं आहे. टर्बोचं सील गेलं की ऑईल इंजिनात ओढलं जातं. डिझेल इंजिन त्या ऑईलवरच चालतं आणि रेस आपोआप वाढत जाते. गिअरच्या गाडीत असाल आणि पुढे माणूस नसेल तर ब्रेक पूर्ण दाबा, वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा, म्हणजे इंजिन दबून बंद पडेल. ते जमलं नाही तर गाडीपासून लांब व्हा. हवेच्या पाईपवर हात ठेवून इंजिन बंद करायला जाऊ नका.

टर्बो कशामुळे खराब होतो?

बंद करण्याआधी एक जोरदार रेस मारून चावी काढायची सवय अनेक ड्रायव्हरना असते. टर्बो गाडीत ही सवय महागात पडते. दांडा जोरात फिरत असतानाच ऑईल बंद होतं. आत राहिलेलं ऑईल उष्णतेने जळून कोळसा होतं आणि बारीक वाटा बुजतात. असं वारंवार झालं की बेअरिंग जातं. मग बिल हजारांत येतं आणि ऐन हंगामात गाडी उभी राहते.

काय करावं?

1. घाट चढून किंवा लोड ओढून आलात तर गाडी एक-दोन मिनिटं स्लोवर चालू ठेवा, मग बंद करा. शेवटचे दोन किलोमीटर हळू आला असाल तर अर्धा मिनिट पुरे. बऱ्याच डिझेल गाड्यांचा टर्बो फक्त ऑईलवरच थंड होतो, म्हणून त्यांना हे जास्त गरजेचं.
2. सकाळी चालू केल्याबरोबर रेस देऊ नका. ऑईल टर्बोपर्यंत पोहोचू द्या.
3. ऑईल कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच आणि वेळेवर बदला.
4. शेतातल्या धुळीत चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर वरचेवर बघा. फाटलेल्या फिल्टरमधून गेलेली माती टर्बोची पाती खाते.
5. गाडी नुकतीच बंद केली असेल तर फॅनजवळ हात घालू नका. तो अचानक चालू होऊ शकतो.