मार्टिनी आणि थ्री-नॉट-थ्री : दोन काडतुसांची कहाणी

शहापूर-मुरबाडच्या रानांत गोऱ्या अंमलदारांच्या शिकारी होत, तेव्हां हांका घालण्याचें काम ठाकूर-कातकऱ्यांकडे असे. बंदूक मात्र साहेबाची. त्या बंदुकींतील काडतुसाचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे राज्यकर्त्यांच्या मनांतील भय स्पष्ट दिसतें.

मार्टिनी-हेन्री रायफल इंग्रजी सैन्यांत १८७१ सालीं आली. तिच्या काडतुसांत काळी दारू आणि ४८० ग्रेनांची शिशाची गोळी. वेग सेकंदाला सुमारें १३५० फूट. १८८८ सालीं .३०३ मापाची रायफल निघाली व लवकरच तिच्या काडतुसांत बिनधुराची कॉर्डाइट दारू भरूं लागले. १९१० सालची तिची १७४ ग्रेनांची टोकदार गोळी २४४० फूट वेगानें सुटे.

गुरुत्वाकर्षण जड-हलकें पाहत नाहीं. वाटेंत किती वेळ गेला एवढेंच पाहतें. २०० यार्ड जाण्यास मार्टिनीच्या गोळीला सुमारें अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यांत ती ४ फूट खालीं येते. .३०३ ची गोळी पाव सेकंदाहून किंचित् अधिक वेळांत पोंचते आणि जेमतेम सव्वा फूट उतरते. वेळ निम्मा झाला कीं उतार चौथाईवर येतो, हें आम्ही शाळेंत विहिरींत दगड टाकून शिकवीत असूं. अंतराचा अंदाज थोडा चुकला तर मार्टिनीची गोळी सावजाच्या पायांखालून जावयाची. पण माहुलीच्या पायथ्याच्या दाट झाडींत सावज दोनशे यार्डांवर दिसतें कोठें? तेथें पन्नास पावलांवर जड गोळीच बरी, असें माझें मत आहे. लांब पल्ल्याचा खरा उपयोग रणांगणावर.

म्हणूनच १८५७ नंतर देशी पलटणींस गोऱ्या पलटणींहून एक पिढी जुनें हत्यार देण्याची रीत पडली. गोऱ्यांच्या हातीं .३०३ आली, तेव्हां देशी शिपायास मार्टिनी मिळाली. पुढें मार्टिनीची गोळी बंडखोरांच्या उपयोगीं पडेल या धास्तीनें विसाव्या शतकाच्या आरंभीं .४५० मापाचीं शिकारी काडतुसेंहि हिंदुस्थानांत आणण्यास बंदी झाली, बंदूकवाल्या कंपन्यांनीं.४७० सारखीं नवीं मापें काढून वाट शोधली. स्वातंत्र्यानंतरहि सामान्य परवानाधारकास .३०३ निषिद्धच राहिली आणि त्याच्यासाठीं ईशापूरच्या सरकारी कारखान्यांत .३१५ ची रायफल होऊं लागली.

१८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें युरोपियनांस परवान्यांतून सूट दिली होती. मुरबाडच्या शेतकऱ्यास मात्र नाचणीवर उतरणाऱ्या रानडुकरांपुढें डबा वाजवीत रात्र काढावी लागे.