झाकली मूठ

‘संगीन’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. ‘संग’ म्हणजे दगड; त्यावरून संगीन म्हणजे दगडासारखे, जड, भक्कम. बंदुकीच्या तोंडाशी बसवायच्या पात्याला पुढे हेच नाव मिळाले. इंग्रजीतील ‘बायोनेट’चे मूळ फ्रान्समधील बायोन या गावाच्या नावात सांगतात. एका शब्दात वजन आहे, दुसऱ्यात गाव. पण ज्या हाताने हे हत्यार पेलले, त्याचा निर्देश दोन्हींत नाही. तो हात शोधायचा तर पात्याकडे नव्हे, मुठीकडे पाहावे लागते. जुन्या लष्करी संगिनी विकत घेऊन त्यांना नव्या मुठी चढवण्याचा छंद जगभर रुजला आहे. या छंदात मूठ हाच सर्वांत क्षुल्लक, सहज बदलून टाकण्याजोगा भाग मानला जातो. या समजुतीविषयी थोडे लिहायचे आहे.

उदाहरण म्हणून ‘पॅटर्न १९०७’ ही ब्रिटिश संगीन घेऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश सैन्याने ली-एनफील्ड बंदूक सुमारे पाच इंचांनी आखूड केली. मग शत्रूच्या लांब बंदुकीपुढे आपल्या शिपायाचा हात तोकडा पडेल, अशी धास्ती वाटू लागली. उपाय सरळ होता : आधीच्या संगिनीचे बारा इंची पाते सतरा इंचांचे करण्यात आले. बंदुकीतून गेलेले पाच इंच असे संगिनीतून परत आले. नमुना जपानी संगिनीचा होता. सुरुवातीच्या पात्यांना मुठीजवळ आकड्यासारखा वळलेला लोखंडी पट्टा असे. १९१३ मध्ये तो बंद झाला आणि वापरातल्या अनेक संगिनींचे आकडे कापून टाकण्यात आले. मुठीला मात्र अक्रोडाच्या लाकडाच्या दोन पट्ट्या आणि त्या आवळणारे दोन स्क्रू, एवढेच. या साधेपणामुळेच ती बदलणे सोपे झाले असावे.

हीच संगीन बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यातही तयार होई. दुसऱ्या महायुद्धात लांब पात्याची निरर्थकता ध्यानात आली आणि भारतात जुनी पाती कापून सुमारे बारा इंचांची केली गेली. नवी तर मुळातच आखूड घडवली गेली. युद्धाची घाई या नव्या संगिनींवर उघड दिसते. पात्यावरची पन्हळ गेली, घडण ओबडधोबड झाली. मुठीजवळच्या बोथट भागावर कारखान्याची आद्याक्षरे, राजाची मुद्रा, महिना आणि वर्ष ठोकलेले असते. ब्रिटिश पात्यांवर फुलीसारखी एक खूणही दिसते. पाते वाकवून पाहिले आणि ते कसोटीस उतरले, असा तिचा अर्थ. थोडक्यात, पात्यावर सरकार बोलते. कुणी घडवले, कधी तपासले, कुणाच्या मालकीचे, हे सारे तिथे कोरलेले आहे. वापरणाऱ्याविषयी तिथे चकार शब्द नाही.

वापरणाऱ्याने तरी तिचे काय केले? पहिल्या महायुद्धातील जखमांमध्ये संगिनीच्या जखमांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी भरले. संगिनीचा धाक मोठा होता, काम थोडे होते. मात्र डबे फोडायला, सरपण तोडायला, माती उकरायला, भिंतीत खुपसून काही टांगायला ती रोज उपयोगी पडे. म्हणून मुठीवरची झीज ही बहुधा हत्येची नसून दिनचर्येची खूण असते. घाम, तेल आणि तळहात यांनी लाकडावर वर्षानुवर्षे चढवलेला काळपट तुकतुकीतपणा हा त्या शिपायाचा जवळजवळ एकमेव दस्तऐवज होय.

हे शहाणपण मला उशिरा आले. माझ्या आत्याचे सासरे दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. त्यांच्यामागे कोकणातल्या घरी एक गंजकी आखूड संगीन राहिली होती. गोठ्यातले दोर कापण्यापुरता तिचा उपयोग उरला होता. विद्यार्थिदशेत एका सुट्टीत मी मोठ्या उत्साहाने ती ‘नवी’ केली. पॉलिशपेपरने मूठ घासून पांढरी केली आणि वर चकचकीत व्हार्निश दिले. आत्याने ती हातात घेतली, अंगठा मुठीवरून फिरवला आणि विचारले, “मामंजींनी खिळ्यानं कोरलेली दोन अक्षरं होती रे इथं. ती कुठं गेली?” मी त्या रेघांना ओरखडे समजलो होतो. कोणती अक्षरे, हे तिला सांगता येईना. तिने ती वाचली नव्हती, फक्त बोटांनी ओळखली होती.

आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळ्या पाषाणाच्या देवळांना ऑइलपेंट फासतात, त्याच जातीची ही चूक. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंपुरता एक दंडक सांगितला : जिथे तर्क सुरू होतो, तिथे डागडुजीने थांबावे. लहान वस्तूंनाही तो लागू पडतो. तांबडा गंज जिवंत असतो, तो पोलाद खात राहतो. त्याला थोपवलेच पाहिजे. मूठ उतरवलेलीच असेल, तर पाते ऊर्ध्वपातित पाण्यात उकळल्यास तांबड्या गंजाचा काळा, स्थिर थर बनतो. सुटा भाग बारीक लोखंडी लोकरीने हलकेच निघतो. तारेचा फिरता ब्रश लावला, तर गंजाबरोबर ठोकलेली अक्षरेही जातात. लाकूड घासू नये. मळ पुसावा आणि जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. (या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेतात.) लाकूड वाळवीने पोखरले असेल किंवा मूठच गहाळ असेल, तर नवी जरूर बसवावी. पण तिच्या आतल्या बाजूस बसवल्याचे वर्ष लिहावे आणि जुन्या पट्ट्यांचे तुकडे संगिनीसोबतच जपावेत. नव्याने जुन्याचे सोंग घेऊ नये, एवढेच पथ्य.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे आपण म्हणतो, तेव्हा मुठीत काहीच नसेल, अशी शंका त्यामागे असते. इथे उलट आहे. या मुठीत खरोखरच काहीतरी असते, आणि ते उघडण्याच्या हव्यासापायीच नाहीसे होते. आत्याकडची ती संगीन आता माझ्याकडे नाही. तिची मूठ मात्र अजून चकचकीत असेल, आणि पूर्णपणे मुकी.