आजारी माणसाची घड्याळे

आजारपणात वेळ विपुल असतो आणि त्याचे काही करता येत नाही. कामाचा माणूस घड्याळात वेळ पाहतो. अंथरुणाला खिळलेला माणूस हळूहळू घड्याळच पाहू लागतो. घड्याळे जमवण्याचा छंद असलेल्यांना हा अनुभव नवा नसावा. एरवी केवळ चावी देऊन पुढे जावे, त्या वस्तूंचे आवाज, त्यांची परस्परांतील तफावत, ठोक्यांचे मागेपुढे होणे, हे सारे पडल्या पडल्या ध्यानात येऊ लागते. युरोपच्या इतिहासात अशा दोन आजाऱ्यांच्या हकीकती आहेत. एक सम्राट, दुसरा गणिती. दोघांच्याही खोलीत एकाहून अधिक घड्याळे. आणि दोन्हीकडे प्रश्न एकच, की दोन घड्याळे एकमेकांशी जुळतात का? या दोन हकीकती शेजारी ठेवून वाचाव्यात असे आम्हांला वाटते, कारण त्यांतील एक जगभर सांगितली गेली आणि दुसरी खरी आहे.

पहिली हकीकत सम्राट पाचव्या चार्ल्सची. २५ ऑक्टोबर १५५५ रोजी ब्रसेल्स येथे त्याने नेदरलँड्सची सत्ता पुत्राच्या स्वाधीन केली, पुढे स्पेनचे राज्यही सोडले आणि फेब्रुवारी १५५७ मध्ये तो स्पेनमधील युस्ते येथील मठालगतच्या निवासात राहावयास गेला. वयाची साठीही गाठलेली नव्हती, पण वातरक्ताने, म्हणजे ज्याला डॉक्टर गाऊट म्हणतात त्या विकाराने, त्याची बोटे आणि पाय निकामी होत आले होते. त्याच्या करंगळीचे एक पेर स्वतंत्रपणे जतन झाले होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्यात या रोगाचे स्फटिक आढळले आणि निदानावर शिक्कामोर्तब झाले. निजायच्या खोलीचा दरवाजा असा काढला होता की बिछान्यावरूनच चर्चमधील वेदी दिसावी. या निवृत्तीत त्याने सोबत आणलेल्या माणसांत एक घड्याळजी होता, क्रेमोनाचा हुआनेलो तुर्रियानो. सम्राटासाठी त्याने ग्रहगती दाखविणारे एक प्रचंड घड्याळ घडविले होते. आम्ब्रोसिओ दे मोरालेस या समकालीन लेखकाच्या नोंदीनुसार त्याची कल्पना सिद्ध व्हायला वीस वर्षे लागली, प्रत्यक्ष घडणीला साडेतीन, आणि त्यात सुमारे अठराशे चक्रे होती.

येथवर इतिहास. पुढे आख्यायिका सुरू होते. युस्ते येथे सम्राट आपली घड्याळे एकसारखी चालावीत म्हणून खटपट करीत असे, ती काही जुळेनात. तेव्हा तो खिन्न होऊन उद्गारला की, ज्याला दोन घड्याळांत एकमत घडवता येत नाही त्याने सगळ्या माणसांना एकाच धर्ममताचे करण्यासाठी आयुष्य वेचावे, हा केवढा मूर्खपणा! विल्यम रॉबर्टसन या स्कॉटिश इतिहासकाराने १७६९ साली प्रसिद्ध केलेल्या चार्ल्सच्या चरित्रात ही गोष्ट येते. रॉबर्टसन स्वतः प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक होता आणि त्याचे शतक धर्मसहिष्णुतेची बाजू मांडणारे होते. त्या शतकाला असा पश्चात्तापदग्ध सम्राट हवाच होता.

गोष्टीचा यांत्रिक भाग मात्र अगदी रास्त आहे. सोळाव्या शतकातील घड्याळात लंबक नव्हता. चक्रांची गती अडविणारा एक आडवा दांडा किंवा एक चाक मागेपुढे झुलत असे. त्याला स्वतःची अशी ठरलेली लय नसे. जोर जास्त मिळाला की ते भराभर झुले, कमी पडला की रेंगाळे. तेल घट्ट झाले, गारठा पडला, स्प्रिंग सैल होत गेली, की चाल बदलली. दिवसाकाठी पाव तासाची चूक ही काही नवलाची बाब नव्हती. तेव्हा सम्राटाच्या खोलीतली घड्याळे जुळत नसणार, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

शंका आहे ती पश्चात्तापाविषयी. १५५८ च्या वसंतात वायादोलिद येथे ल्यूथरपंथीयांचा एक गट उघडकीस आला. युस्ते येथून सम्राटाने राज्यकारभार पाहणाऱ्या आपल्या कन्येला, हुआनाला, जी पत्रे पाठविली ती उपलब्ध आहेत. त्यांत खेद नाही. कठोर शिक्षेचा, दयामाया न दाखविण्याचा आग्रह आहे. मृत्यूपूर्वी काही दिवस मृत्युपत्राला जोडलेल्या पुरवणीतही पाखंड निपटून काढण्याविषयी पुत्राला बजावले आहे. २१ सप्टेंबर १५५८ रोजी तो निवर्तला. २१ मे १५५९ रोजी वायादोलिदच्या चौकात त्या गटातील अनेकांना मृत्युदंड देण्यात आला. घड्याळांनी सम्राटाला काहीही शिकविले नव्हते. शिकविले असे पुढच्यांना वाटले, कारण आजारी माणूस आणि घड्याळ एकत्र दिसले की त्यातून तात्पर्य काढण्याचा मोह आपल्याला आवरत नाही.

दुसरी हकीकत शंभराहून अधिक वर्षांनंतरची, हेग येथील. डच कवी कॉन्स्टँटाइन हायगेन्स याचा पुत्र ख्रिस्तिआन याने १६५६ च्या अखेरीस घड्याळाला लंबक जोडला आणि दिवसाची चूक मिनिटाच्या आत आणली. पुढचे ध्येय समुद्रावर रेखांश काढण्याचे होते. एका तासाचा फरक म्हणजे पंधरा अंश, चार मिनिटांचा म्हणजे एक अंश. विषुववृत्तावर ते अंतर सुमारे १११ किलोमीटर भरते. म्हणून जहाजावर जाणारे घड्याळ अचूक हवे, आणि एक बंद पडले वा पुसायला काढले तर दुसरे चालू राहावे म्हणून ती जोडीने हवीत. झोके खाणाऱ्या जहाजात ती सरळ लटकावीत यासाठी त्यांच्या पेट्यांच्या तळाशी भरघोस वजन भरलेले असे. अशी जोडी १६६४ साली कॅप्टन रॉबर्ट होम्स आफ्रिकेच्या सफरीवर घेऊन गेला होता आणि त्याचा अहवालही अनुकूल होता.

फेब्रुवारी १६६५ मध्ये हायगेन्सला थोडे बरे नव्हते आणि काही दिवस त्याला खोलीतच राहावे लागले. खोलीत नव्याने तयार झालेली दोन घड्याळे एका-दोन फुटांच्या अंतराने लटकत होती. पाहता पाहता त्याच्या ध्यानात आले की दोघांचे लंबक अगदी एकाच क्षणी ठोका देतात, फक्त विरुद्ध दिशांना झुलत. त्याने लय मुद्दाम बिघडवली; अर्ध्या तासाच्या आत ती पुन्हा जुळली. हवेच्या झुळकीचा परिणाम असेल म्हणून त्याने मध्ये फळी धरली. फरक पडला नाही. एक घड्याळ पंधरा फुटांवर नेले, तेव्हा मात्र दिवसभरात पाच सेकंदांचा फरक पडला. आजारी माणसाच्या करमणुकीसारखी भासणारी ही खटपट त्याने त्याच आठवड्यात वडिलांना आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविली.

पत्रांत त्याने या प्रकाराला 'सिंपथी' म्हटले. साहित्याच्या अभ्यासकांनी या शब्दापाशी क्षणभर थांबावे. आज आपण त्याचे 'सहानुभूती' असे भाषांतर करू आणि फसू. सतराव्या शतकात हा शब्द वस्तूवस्तूंमधील गूढ ओढीसाठी रूढ होता. केनेल्म डिग्बी याने १६५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषणात तर अशा एका चूर्णाचा पुरस्कार होता, जे जखमेला न लावता जखमेच्या रक्ताला लावले तरी दूरवरची जखम बरी होते म्हणे! हायगेन्सने शब्द तेवढा उचलला, त्याच्या पोटातले गूढ उचलले नाही. मार्चमध्ये त्याने दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडव्या फळ्या टेकवून त्यांना घड्याळे टांगली आणि कारण हुडकले. ज्या आधारावर दोन्ही घड्याळे लटकत होती, तोच डोळ्यांना न दिसण्याइतका हलत होता. प्रत्येक लंबकाचा हादरा त्या लाकडातून दुसऱ्यापर्यंत पोचत होता. ओढ नव्हती, समाईक आधार होता.

या शोधाने हायगेन्सचे नुकसानच झाले, हे सहसा सांगितले जात नाही. रॉयल सोसायटीत पत्र वाचले गेले तेव्हा काही सभासदांनी निराळाच निष्कर्ष काढला. इतक्या सूक्ष्म हालचालीने जर घड्याळाची चाल बदलते, तर समुद्रावर त्याचा भरवसा काय? शंका रास्त होती. जुळणे हा येथे अचूकपणाचा पुरावा नव्हता, परस्परांना चळविण्याचा होता. दोन साक्षीदार एकच जबाब देतात, एवढ्यावरून तो खरा ठरत नाही. ते एकाच बाकावर बसले होते का, तेही पाहावे लागते. रेखांशाचा प्रश्न अखेर अठराव्या शतकात लंबक नसलेल्या घड्याळाने, जॉन हॅरिसनच्या, सोडविला. हायगेन्सचे निरीक्षण मात्र टिकले. २००२ साली अमेरिकेतील जॉर्जिया टेक येथील संशोधकांनी त्याचा प्रयोग पुन्हा करून दाखविला की, विरुद्ध दिशांचा तो मेळ पेटी आणि लंबक यांच्या वजनांच्या विशिष्ट प्रमाणावर अवलंबून असतो. म्हणजे समुद्रासाठी भरलेले ते वजनच त्या आजाऱ्याच्या खोलीत अनपेक्षितपणे कामी आले.

आता चार्ल्सची घड्याळे जुळत नाहीत याचा अर्थ धर्मसहिष्णुता आणि हायगेन्सची जुळतात याचा अर्थ मानवी ऐक्य, असे लिहून हा लेख सुबकपणे संपविता आला असता. पण तसे करणे म्हणजे रॉबर्टसनचीच री ओढणे. सम्राटाच्या हकीकतीत घड्याळे बोलतात ते इतिहासकाराचे बोल. सम्राटाची पत्रे गप्प बसविल्याशिवाय ते ऐकू येत नाहीत. हायगेन्सने जे पाहिले ते त्याच्या हिताचे नव्हते, आणि तरी त्याने ते आठवड्याच्या आत, फळीपासून पाच सेकंदांपर्यंत सारा तपशील देऊन, ज्यांच्या मतावर त्याच्या घड्याळांचे भवितव्य अवलंबून होते त्यांनाच लिहून कळविले. ऐतिहासिक गोष्ट वाचताना तिचे तात्पर्य कितीही देखणे असो, कागदपत्रे काय म्हणतात हे आधी विचारावे, एवढेच या दोन आजारपणांतून आम्ही घेतो.