तुरीच्या रोगप्रतिकारक वाणांची वाटचाल : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : तूर हे प्रामुख्याने कोरडवाहू शेतकऱ्याचे पीक होय. मर रोगाने झाड बहुधा फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना वाळते; म्हणजेच खर्च व श्रम पूर्ण झाल्यावर पीक हातचे जाते. या रोगांवर प्रतिकारक वाणांच्या साहाय्याने कशी मात करण्यात आली, याचा प्रस्तुत लेखात आढावा घेतला आहे.

मर रोग : बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत ई. जे. बटलर यांनी या रोगाचा पद्धतशीर अभ्यास केला व १९१० साली रोगकारक बुरशीला ‘फ्युझेरियम उडम’ हे नाव दिले. ही बुरशी पीक-अवशेषांवर जमिनीत काही वर्षे तग धरते आणि मुळांवाटे जलवाहिन्यांत शिरते. साहजिकच उभ्या पिकावरील फवारणी निष्फळ ठरते. १९७२ साली हैदराबादजवळ स्थापन झालेल्या ‘इक्रिसॅट’ने मुद्दाम रोगट केलेल्या जमिनीत हजारो नमुने पेरून तपासले. महाराष्ट्रातील स्थानिक वाणातून निवडलेला ‘मारुती’ हा प्रतिकारक वाण १९८६ साली कर्नाटकात प्रसारित झाला.

वांझ रोग : या रोगात झाड हिरवे राहते, परंतु त्यास फुले व शेंगा येत नाहीत. त्याचा प्रसार सूक्ष्म कोळी करतात. संशोधकांनी रोगट पाने निरोगी रोपांना टाचून प्रतिकारक्षम झाडे निवडली. उल्लेखनीय बाब अशी की, रोगकारक विषाणूची ओळख २००० सालाच्या सुमारास पटली. तत्पूर्वीच, १९९३ साली, दोन्ही रोगांना प्रतिकारक ‘आशा’ हा वाण प्रसारित झाला होता. मराठवाड्यातील बदनापूर संशोधन केंद्राचा ‘बीएसएमआर ७३६’ याच परंपरेतील होय.

मर्यादा : शेंगा पोखरणाऱ्या अळीबाबत मात्र असे यश लाभले नाही. लागवडीखालील तुरीत या अळीस प्रबळ प्रतिकारक्षमता आढळत नाही. म्हणून संशोधक ‘कजानस स्कॅराबिऑइडिस’सारख्या रानटी भाऊबंदांकडे वळले आहेत.

निष्कर्ष : पैदासकार प्रतिकारक्षमता शून्यातून निर्माण करीत नाही; निसर्गात व शेतकऱ्याच्या कणगीत जे टिकले, त्यातूनच तो निवड करतो. ‘मारुती’चे मूळ असलेल्या स्थानिक वाणासारखी बियाणी नामशेष झाली, तर उद्याच्या रोगावरील उत्तरही त्यांच्यासोबतच नाहीसे होईल. स्थानिक व रानटी वाणांचे जतन ही म्हणूनच पीक पैदाशीची पहिली पायरी ठरते.