चिंपांझींची पेन्शन : उपकार की देणं?

३१ जानेवारी १९६१ रोजी अमेरिकेच्या फ्लोरिडातून एक रॉकेट अवकाशात गेलं. आत होता कॅमेरूनच्या जंगलातून पकडून आणलेला, साडेतीन वर्षांच्या आसपासचा एक चिंपांझी. दिवा लागला की दांडा दाबायचा, चुकला की तळपायाला विजेचा झटका, हे त्याचं शिक्षण. उड्डाणापर्यंत त्याची अधिकृत ओळख ‘क्रमांक ६५’ एवढीच होती. तो जिवंत परतल्यावर ‘हॅम’ हे नाव जगापुढे आलं. तेही ज्या लष्करी वैद्यकीय केंद्रात त्याला ठेवलं होतं, त्याच्या आद्याक्षरांवरून. यान उघडल्यावर तो हसतोय असं वर्तमानपत्रांनी छापलं. वास्तविक चिंपांझी घाबरला की असे दात विचकतो.

काही मित्र विचारतील, आपल्या वस्त्यांचे प्रश्न पडलेले असताना हा विषय कशाला? प्रश्न रास्त आहे. आधी एक स्पष्ट करतो. माणसाची प्राण्याशी बरोबरी करण्याचा हा प्रकार नाही. तशी बरोबरी आजवर कुणी केली आणि कशासाठी केली, हे आपण चांगलं जाणतो. मुद्दा वेगळा आहे. ज्याला बोलता येत नाही, संघटना बांधता येत नाही, मत देता येत नाही, त्याचं देणं व्यवस्था कसं फेडते आणि कसं बुडवते, हे या इतिहासात उघड दिसतं.

अवकाश मोहिमा पुढे गेल्या, माणसं चंद्रावर पोचली. हवाई दलाला चिंपांझींची गरज उरली नाही. मग ते आणि त्यांची पिल्लं प्रयोगशाळांना भाड्याने दिली गेली. कावीळ आणि नंतर एचआयव्हीच्या संशोधनासाठी अमेरिकेत चिंपांझींची पैदास वाढवली गेली. पण एचआयव्ही टोचलेल्या बहुतेक चिंपांझींना एड्स झालाच नाही. प्रयोग फसला, आणि पिंजऱ्यात शेकडो ‘जादा’ जीव उरले. बंदिवासातला चिंपांझी पन्नास वर्षंही जगू शकतो. त्याला पोसण्यापेक्षा मारणं स्वस्त. हा हिशेब खरोखर चर्चेत होता. १९९७ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने संख्या कमी करण्यासाठी मारणं नाकारलं.

त्याच वर्षी हवाई दलाने आपले १४१ चिंपांझी सोडून द्यायचं ठरवलं. त्यातले बहुतेक गेले न्यू मेक्सिकोतल्या कौलस्टन फाउंडेशन या प्रयोगशाळेकडे. तिच्यावर देखभालीतल्या हयगयीचे सरकारी आरोप आधीच होते. कॅरोल नून या संशोधक बाईंनी हवाई दलावर दावा लावला आणि २१ चिंपांझी सोडवले. २००२ मध्ये कौलस्टन दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली, तेव्हा तिचे उरलेले २६६ चिंपांझीही नूनबाईंच्या संस्थेने ताब्यात घेतले. त्या सगळ्यांना न्यू मेक्सिकोतून फ्लोरिडातल्या आश्रयस्थानात हलवायला २०११ साल उजाडलं. नूनबाई २००९ मध्येच गेल्या.

दरम्यान २००० साली अमेरिकेत कायदा झाला : संशोधनातून मोकळ्या झालेल्या सरकारी चिंपांझींना आयुष्यभर आश्रयस्थानात ठेवायचं, आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायचा. पण कायद्यात एक भोक ठेवलं होतं. ठरावीक परिस्थितीत निवृत्त चिंपांझीला पुन्हा प्रयोगासाठी बोलावता येत होतं. ही सवलत काढायला २००७ उजाडलं. २०१५ मध्ये सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने, म्हणजे एनआयएचने, चिंपांझींवरचे प्रयोग थांबवले. तरीही २०१९ मध्ये तिने सांगितलं, न्यू मेक्सिकोतले ४४ चिंपांझी म्हातारे आणि आजारी आहेत, त्यांना हलवणार नाही. ज्यांची तब्येत प्रयोगशाळेतल्या आयुष्यात गेली, त्यांची तीच तब्येत आता हक्क नाकारायचं कारण झाली! २०२२ च्या डिसेंबरात न्यायालयाने हा निर्णय कायद्याच्या विरोधात असल्याचं म्हटलं.

हे झालं कायदा होता तिथलं. जिथे कायदा नव्हता तिथे काय घडलं? न्यूयॉर्क ब्लड सेंटरने १९७४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात चिंपांझींवर कावीळ-संशोधन सुरू केलं. संशोधन संपल्यावर प्राणी नदीतल्या बेटांवर ठेवले. तिथे पुरेसं अन्न नाही, प्यायला गोडं पाणी नाही. २०१५ मध्ये सेंटरने पैसे थांबवले आणि आपल्यावर कायदेशीर बंधन नसल्याची भूमिका घेतली. साठाहून जास्त चिंपांझी होते. देशात इबोलाची साथ होती. अशा वेळी होड्यांतून खाणं पोचवत राहिले ते तिथले गरीब लायबेरियन कामगार. यादवी युद्धातही त्यांनीच हे प्राणी जगवले होते. जगभरातून निषेध झाल्यावर २०१७ मध्ये सेंटरने ६० लाख डॉलर देण्याचा करार केला. त्या कामगारांची नावं मात्र आपल्यापैकी किती जणांनी ऐकली आहेत?

म्हणून मित्रांनो, ‘आश्रयस्थान’, ‘पुनर्वसन’, ‘निवृत्ती’ असे गोड शब्द कानावर आले की भारावून जाऊ नका. ज्याच्या शरीरावर विज्ञान पुढे गेलं, त्याला मरेपर्यंत सांभाळणं हे देणं आहे, आणि देणं कुणाच्या मर्जीवर सोडायचं नसतं. तेव्हा विचारा : हे कायद्यात लिहिलंय का? पैसा कोण देणार, किती वर्षं? परत बोलावण्याची सोय ठेवली आहे का? आणि रोज प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या माणसाला मजुरी किती मिळते?